इमारत कोणासाठी? समाजाभिमुख वास्तुरचनेचा विचार

(प्रशासकीय सेवांच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर एका वास्तुविशारदाने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



आपणांपैकी बहुतेकांना उद्या प्रशासनात काम करावयाचे आहे. तेथे आपल्यापुढे अनेक फायली येतील. त्यांपैकी बऱ्याच फायली बांधकामाच्या असतील. शाळेची खोली, आरोग्य केंद्र, अंगणवाडी, ग्रामपंचायत कार्यालय, घरकुल, वसतिगृह असे त्यांचे विषय असतील. त्या फायलीत अंदाजपत्रक असेल, निविदा असतील, मंजुरीचे आदेश असतील. आराखडाही असेल, पण तो बहुधा शेवटी जोडलेला, घडी घातलेला असेल. तो उघडून पाहण्याचे काम अभियंत्यांचे, आपले नव्हे, असा समज प्रशासनात रूढ आहे. तो समज योग्य नाही, हे सांगण्यासाठी मी आज आपल्यासमोर उभा आहे.

खाजगी घर बांधताना घरमालक आणि वास्तुविशारद समोरासमोर बसतात. स्वयंपाकघर कोठे हवे, आजीची खोली तळमजल्यावर हवी, देवघर पूर्वेला हवे, हे घरातील माणसे स्वतः सांगतात. सार्वजनिक इमारतीचे तसे नसते. तिचा खर्च एक यंत्रणा करते, बांधकाम दुसरी करते, ताबा तिसरीकडे जातो आणि वापर करणारा नागरिक या तिन्ही टप्प्यांवर अनुपस्थित असतो. त्याची गरज कोणी मांडावयाची? सार्वजनिक वास्तुरचनेतील सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे. सौंदर्य, भव्यता, शैली हे प्रश्न त्यानंतरचे आहेत.

सहा पायऱ्यांचा धडा

हा प्रश्न मला पुस्तकातून समजला नाही. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात दख्खनच्या पठारावरील एका गावातील आरोग्य केंद्राचा आराखडा मी तयार केला होता. जमीन काळ्या मातीची होती. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाणी साचण्याचीही भीती होती. म्हणून मी जोते सव्वातीन फूट उंच घेतले आणि दर्शनी बाजूस सहा पायऱ्या दिल्या. इमारत वेळेत पूर्ण झाली, खर्च अंदाजपत्रकात बसला, पूर्णत्वाचा दाखला मिळाला. मला समाधान वाटले.

वर्षभराने त्या भागात जाण्याचा योग आला, तेव्हा मी मुद्दाम केंद्रावर थांबलो. थोड्याच वेळात एक बैलगाडी आली. गाडीत प्रसूतीच्या कळा सुरू झालेली एक स्त्री होती. चौघांनी तिला बाजेसह उचलले आणि त्या सहा पायऱ्या चढू लागले. पुढचे दोघे वर आणि मागचे दोघे खाली, अशा स्थितीत बाज तिरपी झाली. त्या स्त्रीने आधारासाठी हात लांब केला. पण धरण्यासाठी तेथे कठडाही नव्हता. सुदैवाने अपघात झाला नाही. मी तेथील परिचारिकेला माझी ओळख सांगितली. त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, इथं येणाऱ्यांतलं धडपणानं चालत येतंय कोण?"

त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. उतरंडीसाठी सर्वसाधारण नियम असा, की एक फूट उंचीला बारा फूट लांबी द्यावी. सव्वातीन फूट उंचीला ३९ फुटांचा उतार पुरला असता. इमारतीसमोर त्याहून कितीतरी अधिक मोकळी जागा होती, आणि त्याचा खर्च मी काढलेल्या शोभेच्या प्रवेशद्वाराहून अधिक झाला नसता. निधीची कमतरता नव्हती, नियमाची आडकाठी नव्हती. आराखडा काढताना माझ्या डोळ्यांसमोर आजारी माणूसच आला नाही. ती चूक माझी होती. तेव्हापासून कोणताही आराखडा हाती घेतला की मी प्रथम विचारतो, या दारापर्यंत येणारा माणूस कोणत्या अवस्थेत येणार आहे?

रोजची शाळा, संकटातील निवारा

हाच प्रश्न एका राज्याने संपूर्ण किनारपट्टीसाठी विचारला, तेव्हा काय घडले हे पाहण्यासारखे आहे. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ धडकले. ताशी सुमारे २६० किलोमीटर वेगाचे वारे आणि त्यांच्यासोबत आलेली समुद्राची लाट यांत सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. जगतसिंहपूर जिल्ह्यातील एरसमा परिसराची सर्वाधिक हानी झाली. कच्च्या घरांतील लोकांना जाण्यासाठी सुरक्षित ठिकाणच जवळ नव्हते. त्या वेळी राज्याच्या दीर्घ किनाऱ्यावर वादळात टिकतील असे निवारे जेमतेम दोन डझन होते. जेथे ते होते, तेथील लोक वाचले.

या अनुभवानंतर राज्याने आपत्ती व्यवस्थापनासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले आणि निवाऱ्यांचे जाळे उभारण्यास आरंभ केला. आज राज्यात असे आठशेहून अधिक बहुउद्देशीय निवारे आहेत. यातील 'बहुउद्देशीय' या शब्दाकडे आपण लक्ष द्यावे. केवळ वादळासाठी बांधलेली इमारत वर्षातील ३६० दिवस कुलपात राहते. कुलपातील इमारतीची दारे गंजतात, गळती कोणाच्या लक्षात येत नाही, किल्ली कोणाकडे आहे हे कोणास आठवत नाही, आणि नेमक्या गरजेच्या रात्री ती निरुपयोगी ठरते. म्हणून बहुतेक निवारे शाळेच्या आवारात किंवा शाळेचाच भाग म्हणून बांधले गेले. तेथे एरवी वर्ग भरतात, सभा होतात, प्रशिक्षण वर्ग चालतात. मुलांच्या पायाखालची ती वाट असते. वादळाची सूचना मिळाली की कोठे जावयाचे, हे घरातील लहान मूलही सांगू शकते.

आता या इमारतीची रचना पाहा. ती खांबांवर उभी असते. तळमजला मोकळा ठेवलेला असतो, म्हणजे लाटेचे पाणी भिंतींना धडका न देता खालून निघून जाते. लोकांच्या वास्तव्याची पातळी संभाव्य पुराच्या पातळीहून वर असते. वर जाण्यासाठी जिन्याबरोबर उतार असतो, कारण येणाऱ्यांत वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि दिव्यांग व्यक्ती असणार हे गृहीत धरलेले आहे. स्त्री-पुरुषांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे असतात. ही बाब किरकोळ वाटेल. परंतु जेथे स्वच्छतागृह नाही तेथे स्त्रिया रात्र काढण्यास तयार होत नाहीत आणि त्या घरी थांबल्या की मुलेही थांबतात, हा आपत्तीच्या काळातील सर्वत्र येणारा अनुभव आहे. जनावरे मागे सोडून शेतकरी कुटुंब सहसा घर सोडत नाही, म्हणून गुरांच्या सोयीचाही विचार करावा लागतो. जागा निवडताना लोकांना चालत पोहोचता यावे आणि वाटेत नदी किंवा खाडी ओलांडावी लागू नये, हे पाहिले जाते. देखभालीसाठी गावपातळीवर समित्या नेमलेल्या आहेत.

ऑक्टोबर २०१३ मध्ये 'फायलिन' आणि मे २०१९ मध्ये 'फनी' ही तीव्र चक्रीवादळे याच किनाऱ्यावर आली. 'फनी'च्या वेळी सुमारे १२ लाख लोकांना सुरक्षित स्थळी हलविण्यात आले. दोन्ही वेळी मालमत्तेची हानी प्रचंड झाली. पण मृतांची संख्या दोन आकड्यांत राहिली. याचे सर्व श्रेय इमारतींना देणे योग्य होणार नाही. हवामान विभागाची अचूक पूर्वसूचना, प्रशासनाची सज्जता, स्वयंसेवकांचे प्रशिक्षण या सर्वांचा त्यात वाटा आहे. परंतु पूर्वसूचना मिळूनही जाण्यास जागा नसेल तर ती सूचना केवळ भीती वाढविते. त्या सूचनेला निवाऱ्याने अर्थ प्राप्त करून दिला.

किल्लारी आणि कच्छ : लोकसहभागाचा अर्थ

मित्रहो, चक्रीवादळाची सूचना चार दिवस आधी मिळते. भूकंपाची मिळत नाही. तेथे माणूस ज्या घरात झोपलेला असतो ते घरच त्याला तारते किंवा मारते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व धाराशिव जिल्ह्यांना भूकंपाचा धक्का बसला. आदल्या दिवशी गणेश विसर्जन करून लोक झोपले होते. सुमारे आठ हजार माणसे दगावली. भूकंपाची तीव्रता ६.२ होती. जगात याहून तीव्र भूकंपांत याहून कमी जीवितहानी झाल्याची उदाहरणे आहेत. मग येथे इतकी माणसे का गेली? कारण घरांच्या बांधणीत होते. दगड-मातीच्या रुंद भिंती, त्यांच्या आतील व बाहेरील थरांना एकमेकांशी बांधणारे आरपार दगड नाहीत, आणि डोक्यावर मातीच्या जाड थराचे वजनदार माळवद. धक्क्यासरशी भिंतींचे थर फुगून सुटले आणि माळवदे खाली आली.

पुनर्वसन मोठ्या प्रमाणावर आणि तातडीने झाले. पूर्ण उद्ध्वस्त झालेली पन्नासाहून अधिक गावे नव्या जागी वसविण्यात आली. घरे मजबूत झाली, ही मोठीच उपलब्धी होय. तरीही अभ्यासकांनी एक गोष्ट नोंदविली. अनेक नव्या वसाहती सरळ रेषांतील रस्ते आणि एकसारखी घरे अशा स्वरूपाच्या होत्या. जुन्या गावातील गल्ल्या, चौक, वाड्याचे अंगण, गुरांचा गोठा, कडब्याची जागा यांना नव्या नकाशात स्थान मिळाले नाही. गाव लांब-रुंद पसरले आणि शेजार तुटला. घर भूकंपाला तोंड देणारे झाले. पण शेतकरी कुटुंबाच्या रोजच्या जगण्याला ते पुरेसे ठरले नाही. त्याच कार्यक्रमाच्या दुसऱ्या भागात मात्र सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणाचे काम घरमालकांच्या सहभागाने करण्यात आले. तेथे गावोगावच्या महिलांना 'संवाद सहायक' म्हणून नेमण्यात आले. भिंतीत आरपार दगड कसा बसवावा, कोपरे कसे बांधावेत, अनुदानाचा हप्ता केव्हा मिळेल, हे त्या घरोघरी जाऊन समजावून सांगत.

या अनुभवाचा उपयोग गुजरातमध्ये झाला. २६ जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपात १३ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि दोन लाखांहून अधिक घरे पूर्णतः कोसळली. तेथे शासनाने बहुतांश ग्रामीण भागात घर बांधून देण्याऐवजी घरमालकाच्या हाती हप्त्याहप्त्याने मदत दिली आणि प्रत्येक हप्ता भूकंपरोधक बांधकामाच्या तपासणीशी जोडला. गवंड्यांना प्रशिक्षण दिले. त्यामुळे घराचा आकार, अंगण, ओसरी कशी असावी हे कुटुंबाने ठरविले आणि पाया, कोपरे व पट्टे कसे असावेत हे शास्त्राने ठरविले.

लोकसहभाग म्हणजे सर्व निर्णय लोकांवर सोपविणे असा त्याचा अर्थ नाही. किल्लारीची जुनी घरे लोकांनीच बांधलेली होती, हे विसरून चालणार नाही. त्याचबरोबर पारंपरिक ते सर्व घातक, असेही नाही. कच्छच्या बन्नी भागातील 'भुंगा' नावाची गोल घरे, हलक्या शंकूच्या आकाराच्या छपरांची, त्या भूकंपात मोठ्या प्रमाणावर टिकून राहिली. कोणता निर्णय कोणी घ्यावा याची योग्य विभागणी करणे, हे प्रशासकाचे कौशल्य आहे.

घर : पूर्ण वस्तू की सुरुवात?

आपत्तीतून आता नित्याच्या प्रश्नाकडे, म्हणजे शहरातील गरिबांच्या निवाऱ्याकडे वळू. मर्यादित निधीत अधिकाधिक कुटुंबांना घर कसे द्यावयाचे? एक मार्ग म्हणजे छोटी, पण पूर्ण बांधलेली घरे. इंदूरमधील 'अरण्य' वसाहतीने दुसरा मार्ग दाखविला. वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांच्या नेतृत्वाखाली वास्तुशिल्प फाउंडेशनने इंदूर विकास प्राधिकरणासाठी १९८० च्या दशकात ही वसाहत आखली. सुमारे साडेसहा हजार भूखंडांच्या या योजनेतील बहुसंख्य भूखंड आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी होते आणि सर्वांत लहान भूखंड अवघा ३५ चौरस मीटरचा होता.

आराखड्यापूर्वी इंदूरच्या झोपडवस्त्यांचा बारकाईने अभ्यास करण्यात आला. तेथील लोक ओट्यावर बसतात, त्याच ओट्यावर छोटे दुकान थाटतात, झाडाखाली काम करतात, कुटुंब वाढले की एक खोली वाढवितात, हे त्यातून दिसले. म्हणून दुर्बल घटकांच्या भूखंडावर पूर्ण घर न देता जोते, पाणी व मलनिःसारणाची जोडणी, स्वच्छतागृह असा गाभा देण्यात आला. उरलेले घर कुटुंबाने आपल्या ऐपतीप्रमाणे आणि सवडीने उभारावयाचे होते. काय शक्य आहे हे दिसावे म्हणून ८० नमुना घरे बांधण्यात आली. उच्च उत्पन्न गटांचे आणि व्यापारी भूखंड विकून आलेल्या रकमेतून दुर्बल घटकांचा भार हलका करण्यात आला आणि निरनिराळ्या उत्पन्न गटांना एकाच वसाहतीत सामावून घेण्यात आले. या प्रकल्पास १९९५ मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. पुढे २०१८ मध्ये दोशी हे प्रित्झकर पुरस्काराचे पहिले भारतीय मानकरी ठरले.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. भूखंडाची किंमत वाढली की मूळ लाभार्थी तो विकून निघून जाण्याची शक्यता असते, आणि महानगरांत इतकी मोकळी जमीन मिळणे दुरापास्त झाले आहे. तरीही त्यामागील तत्त्व टिकाऊ आहे. जे काम एकटे कुटुंब करू शकत नाही, म्हणजे जमीन, पाणी, गटारे, रस्ते, मालकी हक्क, ते शासनाने करावे. जे कुटुंब उत्तम करू शकते ते त्याच्यावर सोपवावे.

ग्रामीण भागात २०१६ पासून राबविल्या जाणाऱ्या प्रधानमंत्री आवास योजनेत घराचे किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर ठेवण्यात आले आहे. देशाच्या निरनिराळ्या हवामान विभागांसाठी स्थानिक साहित्यावर आधारित घरांचे नमुनेही तयार करण्यात आले. आसामच्या पूरक्षेत्रातील घर आणि राजस्थानच्या वाळवंटातील घर एकाच नकाशावर बांधता येत नाही, या वस्तुस्थितीचा तो स्वीकार होय.

साहित्य, हवामान आणि खर्च

अशा योजनांविषयी एक आक्षेप नेहमी घेतला जातो. समाजाच्या सर्व गरजांचा विचार करावयाचा तर खर्च वाढेल, असे म्हटले जाते. या आक्षेपाचे उत्तर लॉरी बेकर यांच्या कामात सापडते. इंग्लंडमध्ये १९१७ साली जन्मलेले बेकर भारतात आले आणि येथलेच झाले. हिमालयातील पिथोरागढ परिसरात त्यांनी अनेक वर्षे काम केले. डोंगरी लोक दगड, लाकूड आणि माती यांच्यापासून योग्य घर बांधतात, हे पाहून त्यांनी स्वतःचे शिक्षण नव्याने सुरू केले. पुढे केरळमध्ये त्यांनी घरे, शाळा, चर्च आणि संस्थांच्या इमारती बांधल्या. तिरुवनंतपुरम येथील विकास अभ्यास केंद्राचा परिसर हे त्यांचे महत्त्वाचे काम मानले जाते. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले.

बेकर यांची तंत्रे साधी होती. विटा आडव्या न ठेवता उभ्या कडेवर रचून भिंतीत पोकळी ठेवण्याच्या 'रॅट-ट्रॅप' पद्धतीत सुमारे एक चतुर्थांश विटा वाचतात. शिवाय त्या पोकळीमुळे उष्णता आत येण्यास अडथळा होतो. स्लॅबच्या ज्या भागात काँक्रीटला फारसे काम नसते, तेथे जुनी मंगलोरी कौले भरून ते काँक्रीट आणि सिमेंट वाचविता येते. खिडकीऐवजी विटांची जाळी बसविली की लाकूड, काच आणि गज तिन्ही वाचतात, हवा खेळती राहते आणि सुरक्षितताही मिळते. जेथे गिलावा आवश्यक नाही तेथे तो न करणे, हीही बचतच. अर्थात, यातील काही पद्धती कुशल गवंड्याशिवाय साधत नाहीत आणि भूकंपप्रवण क्षेत्रात त्यांना मजबुतीची जोड द्यावी लागते. पण खर्च आणि सोय यांत प्रत्येक वेळी विरोध असतोच असे नाही, हे त्यांनी हजारो बांधकामांतून सिद्ध केले.

वाढत्या उष्णतेच्या काळात या विचाराला नवे महत्त्व आले आहे. अहमदाबाद शहराने २०१० च्या जीवघेण्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा लागू केला. त्यात पुढे पत्र्याच्या व सिमेंटच्या छपरांवर परावर्तक पांढरा रंग लावण्याच्या उपायाचा समावेश झाला. छपराचा रंग ही शोभेची बाब न राहता सार्वजनिक आरोग्याची बाब झाली. शाळेची खोली बांधताना दुपारच्या उन्हाची दिशा, छज्जाची खोली, समोरासमोर खिडक्या या गोष्टी पाहिल्या तर पंख्याविनाही मुले बसू शकतात. न पाहिल्यास वीज आणि पंखे असूनही मार्चपासून वर्ग झाडाखाली भरतो.

कायद्यातील वास्तुरचना

आपण कायदे वाचताना त्यांतील इमारती पाहत नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ घ्या. त्याच्या अनुसूचीत शाळेच्या इमारतीसाठी निकष आहेत. प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, अडथळाविरहित प्रवेश, मुलगे व मुली यांच्यासाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, मध्यान्ह भोजनासाठी स्वयंपाकघर, क्रीडांगण, कुंपण, या सर्व वास्तुरचनेच्या बाबी आहेत. शिक्षणाचा हक्क शेवटी दाराची रुंदी आणि स्वच्छतागृहाची कडी इथपर्यंत येऊन पोहोचतो.

दिव्यांगांच्या हक्कांचा प्रवासही उद्बोधक आहे. १९९५ च्या अधिनियमात सार्वजनिक इमारतींतील सोयी शासनाच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत पुरवावयाच्या होत्या. ३ डिसेंबर २०१५ रोजी 'सुगम्य भारत अभियान' सुरू झाले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने पुढचे पाऊल टाकले. सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आराखड्यास बांधकामाची परवानगी किंवा पूर्णत्वाचा दाखला देऊ नये आणि अस्तित्वातील सार्वजनिक इमारती नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य कराव्यात, अशी तरतूद त्यात आहे. नियम २०१७ मध्ये आले. ती मुदत २०२२ मध्ये उलटून गेली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशींच्या स्वरूपात ठेवणे हे मूळ अधिनियमाशी विसंगत आहे. केंद्र शासनाने बंधनकारक नियम करावेत.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती आणि दहा कोटींहून अधिक ज्येष्ठ नागरिक होते. परंतु उतार हा केवळ त्यांच्यासाठी असतो असे मानणे चूक आहे. गरोदर स्त्री, पाय मोडलेला तरुण, बाळाला कडेवर घेतलेली आई, धान्याचे पोते वाहणारा हमाल हे सर्वजण त्यावरूनच जातात. आयुष्याच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर आपण प्रत्येक जण पायऱ्यांपुढे असमर्थ ठरतो.

फाइलवर सही करण्यापूर्वी

उद्या आपल्यापुढे बांधकामाची फाइल येईल तेव्हा शेवटचे पान उघडा, नकाशाची घडी उलगडा आणि पाच प्रश्न विचारा.

पहिला, या इमारतीत येणारा सर्वांत दुर्बल माणूस कोण आणि तो दारापर्यंत कसा पोहोचेल? दुसरा, जागा कोणाच्या सोयीने निवडली आहे? फुकट मिळालेली जमीन गावापासून दोन किलोमीटरवर असेल, तर तो खर्च आपण वाचविलेला नसतो; तो रोज चालत येणाऱ्या स्त्रियांवर टाकलेला असतो. तिसरा, ही इमारत उरलेल्या वेळी आणखी कोणत्या उपयोगाची आहे? शाळा संध्याकाळी वाचनालय होऊ शकते काय? चौथा, पूर, भूकंप, वादळ, उष्णतेची लाट यांपैकी येथे काय संभवते आणि त्या दिवशी ही इमारत आधार ठरेल की धोका? पाचवा, दहा वर्षांनी हिची दुरुस्ती कोण आणि कोणत्या निधीतून करील? बांधकामास निधी मिळतो, देखभालीस मिळत नाही, हे आपल्या सार्वजनिक इमारतींचे जुने दुखणे आहे. पाण्याची टाकी नादुरुस्त झाली की स्वच्छतागृहाला कुलूप लागते, आणि कागदोपत्री मात्र ती शाळा निकष पूर्ण करणारी राहते.

या पाच प्रश्नांसाठी अभियांत्रिकीच्या पदवीची आवश्यकता नाही. त्यांची उत्तरे मात्र कार्यालयात बसून मिळणार नाहीत. ती परिचारिका, अंगणवाडी सेविका, शिक्षिका, गावचा गवंडी आणि चाकाच्या खुर्चीतून येणारा नागरिक यांच्याकडेच मिळतील. नमुना नकाशा वरून येतो. तो या गावात कोठे अडेल, हे त्यांनाच ठाऊक असते. कागदावर असताना भिंत हलविण्यास एक खोडरबर पुरते. बांधून झाल्यावर त्याच भिंतीसाठी नवे अंदाजपत्रक, नवी मंजुरी आणि पुष्कळदा एक पिढी जावी लागते.

माझ्या त्या आरोग्य केंद्राला पुढे उतार बांधण्यात आला. त्यासाठी पुन्हा प्रस्ताव गेला, पुन्हा निधी मागावा लागला आणि त्यात चार वर्षे गेली. त्या चार वर्षांत किती बाजा त्या सहा पायऱ्यांवरून गेल्या, याची नोंद कोणत्याही फाइलमध्ये नाही. तशा पायऱ्या आपल्या सहीने बांधल्या जाऊ नयेत, एवढीच आपणांकडून अपेक्षा.